एक प्यादं कमी असताना डाव कसा वाचवायचा

बुद्धिबळाच्या क्लबात माझा एक जोडीदार आहे. पंधरा वर्षं खेळतोय. कधी तो वर, कधी मी. अशा तोडीस तोड माणसांचे डाव झटपट मात होऊन संपत नाहीत. मारामारीत सगळी मोहरी उडतात, उरतो एकेक हत्ती आणि कुणाकडे तरी एक प्यादं. ते बहुतेक वेळा त्याच्याकडे असतं, म्हणून ही रीत मला शिकावी लागली.

पट मांडून बघा. अक्षर म्हणजे उभी ओळ, पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच; आकडा म्हणजे आडवी ओळ, पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८. पांढरा राजा डी५, प्यादं ई५, हत्ती एच७. काळा राजा ई८, हत्ती ए६. काळी मोहरी तुमची. हत्ती सहाव्या ओळीत धरून ठेवा, म्हणजे पांढऱ्या राजाला त्या ओळीत शिरताच येत नाही. चाल आली की ए६, बी६, पुन्हा ए६. सी६वर जाऊ नका, राजा खाईल. जोडीदार सुस्कारे सोडेल, सोडू द्या.

आता प्यादं ई६वर ढकललं की लगेच हत्ती ए१वर न्या. राजा डी६वर आला की डी१वरून शह, आणि मग मागूनच शहांचा सपाटा. त्याला आडोसा उरलेला नसतो. अठराव्या शतकात फिलिडोर नावाच्या फ्रेंच संगीतकाराने हे दाखवून ठेवलंय.

घाई मात्र नडते. एकदा घड्याळात चार मिनिटं उरली होती आणि प्यादं ई५वरच असताना मी हत्ती खाली नेला. त्याचा राजा ई६वर येऊन प्याद्याच्या पुढे दडला. मागून शह द्यायचा तर मध्ये प्यादं. त्यातही माझा राजा एफ८वर न्यायचा तो मी घाबरून डी८वर नेला. हरलो. घरी स्कूटरवरून जाताना सिग्नलला एफ८ आठवलं.

बरोबरी मागायचीही पद्धत आहे. आधी चाल खेळा, मग तोंडाने विचारा, मग घड्याळ दाबा. तो नाहीच म्हणाला आणि तुमच्या पुढच्या चालीने तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल, तर ती चाल पटावर खेळू नका. चाली लिहायच्या कागदावर लिहा, घड्याळ थांबवा, पंचांना बोलवा. प्यादं न हलता, काही न मारता दोघांच्या प्रत्येकी ५० चाली झाल्या तरी हाच मार्ग. माझ्या कागदावर चाली नीट लिहिलेल्या नसायच्या, त्यामुळे दोनदा पंचांनी नकारार्थी मान हलवली. आता आकडा मोठ्ठा काढतो.