तापीच्या काठाने जोडीने सायकलवर : चांगदेव ते प्रकाशा कसं करायचं

मुलताईपासून समुद्रापर्यंत तापी ७२४ किलोमीटर वाहते. त्यातला आपल्या खान्देशातला तुकडा मी आणि ह्यांनी मागच्या हिवाळ्यात सायकलवर केला, चांगदेव ते प्रकाशा, सहा दिवस, आणि फिरत फिरत मीटरवर अडीचशेच्या वर किलोमीटर झाले. तेव्हापासून ओळखीतली दोन-तीन जोडपी विचारतायत की कसं करायचं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी डोक्यातून "नदीकाठचा सलग रस्ता" हा विचार काढा. तिकडे युरोपात डॅन्यूबच्या काठाने पासाउ ते व्हिएन्ना सायकलींसाठी रस्ता केलेलाय, जागोजागी पाट्या आहेत, माणूस नदी बघत जातो. तापीला तसं नाही. इथे थोडी गाडवाट, थोडा शिवरस्ता, मधेच पाटाच्या कडेचा कच्चा रस्ता, आणि तो संपला की परत गावाचा डांबरी रोड, असं जोडत जोडत जावं लागतं. कारण तापीथडीची माती खोल आणि भुसभुशीत, नदीला मिळणाऱ्या प्रत्येक नाल्याने ती कापून काढलीये, कुठे कुठे तर दोन-तीन पुरुष खोल. मोबाईलच्या नकाशावर तीन किलोमीटरची सरळ रेघ दिसते आणि प्रत्यक्षात आडवी घळ येते. आम्ही अमळनेरच्या बाजूला असेच फसलो, वाट घळीच्या तोंडाशी संपली, आणि भरलेल्या सायकली ढकलत दीड तास मागे आलो. नंतर नियमच केला, नकाशा बघायचा पण गुराख्याला विचारल्याशिवाय काठाकडे वळायचं नाही. यंदाच्या पावसात कुठली वाट वाहून गेली हे त्यालाच माहीत असतं.

म्हणून प्लॅन पुलांवरून करा. भुसावळला रेल्वेने उतरायचं, मुक्ताईनगर रोडने चांगदेवला जायचं, तिथे पूर्णा तापीला मिळते, काळ्या दगडातलं जुनं मंदिर आहे, सकाळी संगमावर बसून मग निघायचं. परत येताना हतनूर धरण बघा, ४१ दरवाजे आहेत त्याला, हिवाळ्यात बॅकवॉटरला पाहुणे पक्षी असतात, दुर्बीण असेल तर घ्याच. भुसावळहून पूल ओलांडला की यावल आणि मग चोपडा, सगळा केळीचा पट्टा. चोपड्याहून निमगव्हाण-सावखेडा पुलावरून दक्षिणेला, मग पांझरा जिथे तापीला मिळते ते कपिलेश्वराचं मंदिर, पुढे गिधाडे पुलाने परत उत्तरेला, सारंगखेडा, आणि शेवटी प्रकाशा, जिथे गोमाई मिळते आणि ज्याला आपण दक्षिण काशी म्हणतो. रोज ४०-४५ किलोमीटर धरा, जास्त नको, कारण काठाला उतरून परत वर येण्यात वेळ जातो आणि जायचं तर त्यासाठीच ना.

दिवाळीनंतर ते जानेवारी संपेपर्यंत जा. फेब्रुवारीच्या शेवटाला ऊन चढतं, आणि मे महिन्यात भुसावळ-जळगाव ४५ च्या पुढे जातं तेव्हा विषयच नाही. पावसाळ्यात हतनूरचे दरवाजे उघडले की खाली पाणी झपाट्याने वाढतं, तेव्हा पात्रात पाय सुद्धा टाकू नका. डिसेंबरमध्ये दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोड्यांची यात्रा भरते, बघण्यासारखी आहे पण मुक्कामाची सोय आधी करा. आणि एक, आपण पश्चिमेला चाललेलो असतो म्हणजे सकाळी सूर्य पाठीशी आणि चारनंतर सरळ डोळ्यात. समोरून येणारा वाळूचा ट्रॅक्टर दिसत नाही अशी वेळ येते, म्हणून सातला निघा आणि तीनपर्यंत मुक्कामाला पोचा.

आता जोडीचं सांगते, कारण खरा प्रश्न तोच असतो. हळू चालवणारा पुढे. पहिल्या दिवशी हे पुढे होते, दर दोन किलोमीटरला थांबून माझी वाट बघायचे, मी पोचले की लगेच निघायचे, म्हणजे त्यांना विश्रांती आणि मला नाही. संध्याकाळी मी रडकुंडीला आले होते. दुसऱ्या दिवसापासून मी पुढे, स्पीड माझा, वजन जास्त त्यांच्याकडे, टूल किट, पंप, दोघांचं अंथरूण त्यांच्या कॅरियरला आणि माझ्याकडे फक्त कपडे आणि खाऊ. तेव्हापासून अंतर तेवढंच पण दोघं सोबत पोचायला लागलो. दुसरं म्हणजे पोटात भूक असताना रस्त्याचा निर्णय घ्यायचा नाही, आधी दोन केळी, शेंगदाणे-गूळ, मग डावीकडे का उजवीकडे. आमची दोन्ही भांडणं दुपारी बारानंतर, उपाशीपोटी झाली.

काट्यांचा विषय महत्त्वाचा. शेताच्या बांधाला, नाल्याला सगळीकडे वेडी बाभूळ आहे आणि कुंपणासाठी तोडलेल्या फांद्या ओढत नेतात तेव्हा काटे वाटेवर सांडतात. पातळ टायरच्या सायकली नेऊच नका, ३५-४० एमएमचं टायर पाहिजे, आत टायर लायनर (काटा ट्यूबपर्यंत पोचू नये म्हणून टायरच्या आत बसवायची पट्टी) टाका, माणशी दोन ट्यूब आणि पंक्चरचं पूर्ण किट. ट्यूब बदलताना घाई करू नका. तिसऱ्या पंक्चरला आम्ही नवी ट्यूब टाकली आणि शंभर मीटरवर ती पण बसली, मग टायर उलटं करून हे हळूहळू आतून बोट फिरवत होते आणि मी टॉर्च धरून, काही दिसेना, शेवटी बोटाला टोचलं तेव्हा कळलं, काट्याचं नुसतं टोक रबरात मोडून राहिलेलं, तिळाएवढं. भुवया कोरायच्या चिमट्याने निघालं ते. तो चिमटा तेव्हापासून किटमध्येच आहे. अवकाळी पाऊस झाला तर दुसरा ताप, काळी माती मडगार्डमध्ये अशी भरते की चाक फिरत नाही, मडगार्ड घरीच काढून ठेवा आणि पाऊस पडला की सरळ डांबरी धरा.

पाणी माणशी तीन लिटर, ओआरएस, टोपी. दशम्या घरून न्या, दोन-तीन दिवस टिकतात. भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी संध्याकाळीच खा, कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं, तेलाची तर्री असलेलं भरीत दुपारी खाल्लं की पुढे पॅडल मारवत नाही.

बायकांसाठी एक मोकळेपणाने लिहिते, हे कोणी सांगत नाही. काठाला आडोसा शोधत बसू नका, गावात शिरा, ओट्यावर बसलेल्या बायकांना विचारा. एकदाही कोणी नाही म्हटलं नाही, उलट चहा झाल्याशिवाय सोडत नाहीत. यावल-भुसावळकडे लेवा बोली ऐकू येते, अमळनेरच्या पुढे अहिराणी, "कथा चालनात?" म्हणजे कुठे चाललात, असं विचारलं की थांबून नीट उत्तर द्या, पुढचा रस्ता तिथेच कळतो. कुत्री मागे लागली तर पळवू नका, उतरा, सायकल मधे धरून चालत जा.

मुक्काम तालुक्याच्या गावी लॉजवर, चोपडा, शिरपूर, शहादा, नाहीतर तीर्थाच्या ठिकाणी भक्तनिवासात. दोघांच्या आधारच्या झेरॉक्स चार-पाच ठेवा, आणि आधी फोन करून सायकली आत ठेवू देणार का ते विचारा. एका लॉजवर रात्री बाहेर ठेवायला लावल्या आणि सकाळी एक लाईट गायब.

परत यायला प्रकाशाहून नंदुरबार गाठायचं, पंचवीस-तीस किलोमीटर आहे, तिथून सुरत-भुसावळ लाईनची गाडी. सायकल लगेजमध्ये बुक होते पण पार्सल ऑफिसला दोन-तीन तास आधी जा, दोन्ही सायकलींवर नाव, स्टेशन आणि मोबाईल नंबरचा पुठ्ठा सुतळीने घट्ट बांधा, पॅडल काढून पिशवीत घ्या. पॅडल काढायचा पंधराचा पाना मात्र विसरू नका, डावीकडच्या पॅडलचे आटे उलटे असतात.