मेल सर्व्हरसाठी स्पॅम फिल्टर घेण्यापूर्वीची तयारी

स्पॅम फिल्टर घ्यायचा म्हटले की लोक थेट उत्पादनांची तुलना करायला बसतात. त्याआधी ठरवायची गोष्ट म्हणजे अडवलेली पत्रे रोज कोण उघडून पाहणार. मागच्या वेळी आमच्याकडे बाकी सगळे झाले आणि नेमके हेच राहिले, त्यामुळे एका निविदेचे शुद्धिपत्रक मुदत उलटेपर्यंत क्वारंटाइनमध्ये, म्हणजे अडवलेली पत्रे ठेवण्याच्या वेगळ्या जागेत, पडून होते. ते पत्र नंतर उघडले तेव्हा अडकण्याची कारणे सरळ दिसत होती : विषय पूर्ण कॅपिटल अक्षरांत, मजकुरात ‘प्लीज फाइंड अटॅच्ड’ एवढीच ओळ, सोबत स्कॅन केलेली पीडीएफ, आणि पाठवणाऱ्या सर्व्हरच्या आयपीला रिव्हर्स डीएनएस (आयपी क्रमांकावरून सर्व्हरचे नाव सांगणारी नोंद) नाही. प्रत्येक खोटीचे थोडे थोडे गुण मिळून स्पॅमअसॅसिन या गुण देणाऱ्या फिल्टरची ५ गुणांची मूळ मर्यादा ओलांडली गेली होती. नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या लहान कारखान्यांना ज्या पुरवठादारांकडून आणि वाहतूकदारांकडून रोज पत्रे येतात, त्यांतील अनेकांची पत्रे अशीच असतात, हे गृहीत धरूनच निवड करावी.

म्हणून विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्न असा : संशयित पत्राचे तुमचा फिल्टर नक्की काय करतो? समोरचा सर्व्हर जोडलेला असतानाच पत्र नाकारले, तर पाठवणाऱ्याला तशी सूचना मिळते आणि खरा माणूस निदान फोन तरी करतो. पत्रावर खूण करून ते जंक फोल्डरमध्ये टाकले, तर ज्याचे पत्र आहे त्याच्याच मेलबॉक्समध्ये ते राहते. क्वारंटाइनमध्ये मात्र पत्र पोहोचल्याची नोंद पाठवणाऱ्याकडे होते, ज्याला हवे त्याला ते दिसत नाही, आणि दोघेही निश्चिंत असतात. तिन्हींतली ही सर्वांत धोक्याची स्थिती आहे. आरस्पॅमडी या दुसऱ्या फिल्टरच्या मूळ मांडणीत ६ गुणांना खूण आणि १५ गुणांना नकार असे टप्पे आहेत. लहान कार्यालयाला हीच पद्धत मानवते. क्वारंटाइन फक्त विषाणूंसाठी ठेवावे. ते स्पॅमसाठीही ठेवायचेच असेल, तर रोज सकाळी अडवलेल्या पत्रांची यादी मेलने मिळते का, ती प्रत्येकाला स्वतंत्र मिळते का, आणि पत्र सोडवून घ्यायला आयटीच्या माणसाची गरज पडते का, हे डेमोमध्ये प्रत्यक्ष पाहावे. ही यादी पाहणाऱ्याचे नाव खरेदीच्या कागदावरच लिहावे. ‘ऑफिसमधले कोणीतरी पाहील’ हे उत्तर चालवून घेऊ नये.

आधी पत्र स्वीकारून मग परतीचे पत्र पाठवणारी व्यवस्था मुळीच घेऊ नये. स्पॅममधला प्रेषक बहुधा खोटा असतो, त्यामुळे ती परतीची पत्रे भलत्याच माणसावर जाऊन आदळतात आणि त्यापायी आपलाच सर्व्हर काळ्या यादीत (स्पॅम पाठवणाऱ्या सर्व्हरांच्या यादीत) जातो.

फिल्टर कुठे चालवायचा हा प्रश्न त्यानंतरचा. त्याच सर्व्हरवर स्पॅमअसॅसिन किंवा आरस्पॅमडी बसवणे स्वस्त पडते, पण त्यासोबत क्लॅमएव्ही हे विषाणू शोधणारे सॉफ्टवेअर चालवायचे तर केवळ त्यालाच १ जीबीहून अधिक मेमरी लागते. जुन्या मशीनवर हा विचार आधी करावा. वेगळे गेटवे (मेल सर्व्हरच्या आधी पत्रे तपासणारे मशीन) हवे असेल तर प्रॉक्समॉक्स मेल गेटवे हा खुल्या स्रोताचा पर्याय आहे. क्लाउड सेवेचा मोठा फायदा असा, की मे महिन्यात दुपारी वीज गेली आणि सर्व्हर बंद पडला तरी पत्रे तिकडे थांबून राहतात. तिचे दर बहुधा मेलबॉक्समागे असतात, म्हणून ‘अकाउंट्स’, ‘परचेस’ यांसारखे सामायिक पत्ते आणि उपनामे मोजली जातात का, हे लेखी घ्यावे.

काळ्या याद्यांबाबत विशेष सावध राहावे. अशी यादी पुरवणाऱ्या स्पॅमहाउसची मोफत सेवा अव्यावसायिक आणि मर्यादित वापरापुरतीच आहे, शिवाय गूगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक डीएनएसमार्फत विचारणा केली तर ती नाकारली जाते आणि १२७.२५५.२५५.२५४ असे उत्तर येते. मांडणी नीट नसेल तर सर्व्हर या उत्तराचा अर्थ ‘यादीत आहे’ असा लावतो आणि येणारे प्रत्येक पत्र परतवतो. स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर (डीएनएस विचारणा स्वतः करणारा सर्व्हर) आधी उभारावा. बंद पडलेल्या याद्याही मांडणीतून काढाव्यात. सॉर्ब्स ही काळी यादी जून २०२४ मध्ये बंद झाली, तरी तिचे नाव जुन्या मांडण्यांत अजून आढळेल.

भाषेचे पाहावे. भाषा ओळखून गुण देणारी सोय चालू असेल तर मराठी आणि हिंदी मान्य भाषांत घालावी. स्पॅमअसॅसिनचे शिकणारे गणित किमान २०० चांगली आणि २०० वाईट पत्रे मिळेपर्यंत कामालाच लागत नाही. म्हणून खरी, चांगली, त्यांतही मराठीतली पत्रे आधीच बाजूला काढून ठेवावीत. स्पॅम जमवायला कोणी विसरत नाही, चांगली पत्रे जमवायची राहतात, आणि मग तीच क्वारंटाइनमध्ये जाऊन पडतात. तिथे पाहणारा कोण, हे ठरले आहे ना?

नेहमीच्या ग्राहकांची यादी करून त्यांना सूट द्यावी, मात्र ती एसपीएफ (त्या डोमेनचे पत्र कोणत्या सर्व्हरवरून यावे याची नोंद) किंवा डीकेआयएमची (पत्रावरच्या डिजिटल सहीची) खात्री झाल्यावरच लागू व्हावी. स्वतःच्या डोमेनला सरसकट सूट कधीही देऊ नये. मालकाच्या नावाने ‘बँक खाते बदलले आहे’ असे खोटे पत्र त्याच फटीतून येते. जवळपास तशाच दिसणाऱ्या डोमेनवरून आलेले पत्र कोणताही फिल्टर हमखास पकडेल असे समजू नये. खाते बदलाची विनंती आली की जुन्या, माहीत असलेल्या क्रमांकावर फोन करण्याचा नियम लेखा विभागाला घालून द्यावा.

स्वतःच्या डोमेनसाठी एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (या तपासणीत नापास झालेल्या पत्राचे काय करायचे हे सांगणारी नोंद) हे करायचेच. एसपीएफमध्ये दहाहून अधिक डीएनएस विचारणा होत नाहीत ना, तेवढे तपासावे. जाणाऱ्या पत्रांवरही फिल्टर आणि तासाची मर्यादा हवी, कारण एकाचा पासवर्ड चोरीला गेला तरी फटका सगळ्यांना बसतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. सेवा घेण्याआधी ते किती दिवस मिळतात हे विचारावे.

बदलाच्या वेळी एमएक्स नोंदीचा (डोमेनची पत्रे कोणत्या सर्व्हरकडे जावीत हे सांगणाऱ्या नोंदीचा) टीटीएल, म्हणजे ती नोंद इतरांकडे साठून राहण्याचा काळ, आदल्या दिवशी ३०० सेकंदांवर आणावा आणि शनिवारी कामकाज संपल्यावर बदल करावा. पत्रे नव्या मार्गाने सुरळीत येऊ लागली की सर्व्हरचा २५ क्रमांकाचा पोर्ट फक्त गेटवेच्या आयपींना उघडा ठेवावा, नाहीतर स्पॅमवाले जुन्या पत्त्यावर थेट येत राहतात. जुनी दुय्यम एमएक्स नोंद काढावी. जीट्यूब (स्पॅमचा निरुपद्रवी नमुना) आणि आयकारच्या (विषाणूचा निरुपद्रवी नमुना) चाचणी पत्रांनी पडताळणी करावी. पहिले काही आठवडे नकाराची मर्यादा सैल ठेवावी आणि क्वारंटाइन दिवसातून दोनदा पाहावे. पाहणारा रजेवर असेल तेव्हा त्याच्या जागी कोण, हे दिवाळीच्या सुट्टीआधी ठरवून दोघांनाही लॉगिन द्यावे.