कालची कडी, उरलेलं शीत (भात), तळलेले मासे: दुसऱ्या दिवशी चव न घालवता गरम कसं करायचं

गोव्यात कालचं खायला कोणाला कमीपणा वाटत नाही, उलट सकाळी कालची कडी, म्हणजे खोबऱ्याच्या रसातलं माशांचं कालवण, मिळावी म्हणून रात्री मुद्दाम वाटीभर जास्त कडी करणारी घरं आहेत, आमचं त्यातलंच. पण मायक्रोवेव्ह आल्यापासून एक सवय लागलीय, डबा फ्रीजमधून काढायचा, तसाच आत सरकवायचा, दोन मिनिटं फिरवायचा आणि मग म्हणायचं की शिळ्याला चव नसते. असते हो. फक्त रात्रभरात प्रत्येक पदार्थाचं काहीतरी वेगळं गेलेलं असतं, भाताचा ओलावा, तळलेल्या माशाचा कुरकुरीतपणा, कडीचा वास, तर जे गेलंय तेवढं परत द्यायचं, सगळ्यांना एकच बटण दाबून कसं चालेल?

सुरुवात रात्रीच करा

सकाळची चव रात्री जेवण उरकल्यावरच ठरते. आपली हवा दमट, त्यात एप्रिल-मे म्हणजे विचारूच नका, ओट्यावर टोप झाकून ठेवला आणि टीव्ही बघत बसलो की झालं. साधारण २ तासांच्या आत उरलेलं फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, कडक उन्हाळ्यात १ तासातच. मोठा टोप तसाच आत ठेवू नका, मधला भाग कितीतरी वेळ कोमटच राहतो. उथळ डब्यांत काढा, किंवा परातीत गार पाणी घेऊन त्यात टोप ठेवा आणि अधूनमधून ढवळा, दहा-पंधरा मिनिटांत हाताला गार लागतो.

भाताच्या बाबतीत मी फार कडक आहे. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात ते शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यांनी सोडलेलं एक विष नंतर कितीही उकळलं तरी जात नाही. म्हणून भात सगळ्यात आधी आत जातो आणि दुसऱ्या दिवशी संपतो. तसंच बांगड्याचं. बांगडा, टूना असले मासे बाहेर जास्त वेळ राहिले की त्यात हिस्टामिन तयार होतं आणि तेही गरम करून जात नाही. एकदा आमच्याकडे लग्नाच्या गडबडीत बांगड्याचं हुमण (कालवण) दुपारभर बाहेर राहिलं, संध्याकाळी मी खळखळ उकळून खाल्लं, अर्ध्या तासात तोंड लालबुंद आणि अंगभर खाज. वास अगदी चांगला होता, म्हणून सांगते, वासावर विश्वास ठेवू नका, घड्याळावर ठेवा.

अजून एक, जेवढं खायचं तेवढंच काढून गरम करा. अख्खा टोप गरम करून परत गार करायचा, रात्री परत गरम करायचा, असं केलं की मासे पिठूळ होतात आणि भाजीचा लगदा.

कालची कडी

यावर जरा जास्त लिहिणार आहे, कारण इथे गरम करणं म्हणजे खरंतर दुसऱ्यांदा शिजवणं आहे आणि ते नीट जमलं तर पहिल्या दिवशीच्या कडीपेक्षा चांगलं लागतं.

रात्रीच कडीतली सोलं, म्हणजे आमसुलं, काढून टाका. ती आत राहिली तर रात्रभर आंबटपणा सोडत राहतात आणि सकाळी दात आंबतात. माशाच्या फोडीही वेगळ्या डब्यात काढा, थोडा रस त्यांच्यावर राहू द्या म्हणजे सुकणार नाहीत.

सकाळी कडी कुंडल्यात, म्हणजे कडीच्या भांड्यात, ओता. मातीचं कुंडलं असेल तर उत्तम पण फ्रीजमधलं गार कुंडलं थेट आगीवर ठेवू नका, तडकतं, कडी स्टीलच्या डब्यात ठेवलेली बरी. गॅस एकदम बारीक, झाकण नाही. आई अजूनही माझ्या मागे उभी राहून "उजो ल्हान कर", म्हणजे आच कमी कर, म्हणते आणि तिचं बरोबरच असतं, कारण मोठ्या आचेवर खोबऱ्याचा रस फुटतो, पाणी एकीकडे आणि चोथा एकीकडे. पहिली पाच मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं. मग कडेला बारीक बुडबुडे येतात, वाटणाचा रंग केशरीवरून विटकरीकडे जायला लागतो, तळाशी चिकटायच्या आधी लाकडी डावाने खरवडत राहायचं, आणि साधारण १५ ते २० मिनिटांनी डाव फिरवला की मागे वाट उमटते आणि ती लगेच भरून येत नाही, कडेने तेलाची बारीक कड सुटते. ही खूण. आता माशाच्या फोडी वर ठेवा, रस त्यांच्यावर ओढा आणि दोन-तीन मिनिटं झाकून फोडी आतपर्यंत गरम होऊ द्या, डाव घालू नका, बांगडा मोडतो.

मीठ अजिबात घालायचं नाही, पाणी आटलं की मीठ आणि आंबट दोन्ही वर येतात. जास्तच झालं तर दोन चमचे ताजा नारळाचा रस घाला. शेवटी अर्धा चमचा कच्चं खोबरेल वरून, कारण रात्री उडून गेलेला वास त्यानेच परत येतो. आणि मग पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल येऊन गेलेली असली पाहिजे, कुंडल्याच्या कडेला लागलेलं उंड्याने (कडक गोल पावाने) पुसून खायला.

सुंगटांची (कोळंबीची) कडी असेल तर हा प्रकार करू नका, सुंगटं परत शिजली की रबर होतात. ती बाजूला काढून नुसती कडी आटवा, शेवटी सुंगटं घाला, रसाला चांगली वाफ येऊन ती आतून गरम झाली की लगेच बंद. आणि रस फुटलाच तर चमचाभर तांदळाचं पीठ पाण्यात कालवून बारीक आचेवर ढवळा, बऱ्यापैकी सावरतं.

शीत

भात फ्रीजमध्ये कडक होतो तो वाळून नाही, म्हणजे थोडा वाळतो पण मुख्य कारण वेगळं आहे, त्यातला स्टार्च गार झाल्यावर परत घट्ट जुळून बसतो. ओलावा आणि वाफ मिळाली की तो पुन्हा मऊ होतो. म्हणून कोरडा भात मायक्रोवेव्हमध्ये फिरवून काही उपयोग नाही. वाटीभर भाताला एक मोठा चमचा पाणी शिंपडा, गुठळ्या हाताने सोडवा, झाकण ठेवा आणि दीड-दोन मिनिटं, मग झाकण न उघडता एक मिनिट तसाच राहू द्या.

उकड्या तांदळाचं शीत असेल तर त्याहून सोपं. टोपात पाणी उकळवा, शीत त्यात सोडा, दोन-तीन मिनिटं उकळलं की गाळून घ्या, आत्ताच शिजवल्यासारखं होतं. सुरय, म्हणजे न उकडलेल्या, तांदळाला हे चालणार नाही, त्याचा गिचका होतो. आणि शीत अगदी थोडंच उरलं असेल तर गरम करायच्या भानगडीत न पडता सरळ भरपूर पाणी घालून पेज करा, सोबत लोणचं किंवा खारं (खारवलेला सुका मासा), दहा वाजताची भूक भागते.

तळलेले मासे

रवा लावून तळलेली इसवण (सुरमई) मायक्रोवेव्हमध्ये घालणं मला बघवत नाही. आतलं पाणी वाफ होऊन बाहेर येतं आणि रवा ओला फडका होतो. तवा बारीक आचेवर तापवा, थेंबभर तेल, तुकडी ठेवा, झाकण न ठेवता एका बाजूने तीन मिनिटं, दुसऱ्या बाजूने तीन. ओव्हन किंवा एअर फ्रायर असेल तर १८० अंशांवर पाच-सहा मिनिटं, जाड तुकडी असेल तर थोडं जास्त. दोन्हीत तुकड्या एकमेकींना चिकटवून ठेवू नका.

बांगडे, तारले (पेडवे) मात्र तळून उरवूच नका. तेलकट मासा गार होऊन परत तापला की त्याच्या तेलाला जड वास येतो आणि तो कशानेही झाकत नाही. त्यापेक्षा मसाला लावून डब्यात फ्रीजमध्ये ठेवा, हवे तेवढेच आयत्या वेळी तळा. मसाला लावलेला मासा दुसऱ्या दिवशी छानच लागतो.

पाव

पाव फ्रीजमध्ये ठेवू नका. बाहेर ठेवल्यापेक्षा फ्रीजच्या गारव्यात तो लवकर शिळा होतो, भातासारखंच कारण. उरला तर त्याच दिवशी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून फ्रीझरमध्ये, तिथे आठवडाभर चांगला राहतो. खाताना ओल्या हाताने वरून नीट पुसा, बुडवायचा नाही, आणि ओव्हनमध्ये १८० अंशांवर चार-पाच मिनिटं, किंवा तव्यावर वर टोप पालथा घालून. कवच परत कडक होतं आणि आतून मऊ. पोयीला, म्हणजे कोंड्याच्या चपट्या पावाला, तवाच बरा. लगेच खा, कारण गार झाला की आधीपेक्षा जास्त चिवट होतो.

शागोती, तोणाक, खतखतं

शागोती म्हणजे खोबऱ्याच्या मसाल्यातलं मटण किंवा कोंबडी, तोणाक म्हणजे कडधान्याचा रस्सा, खतखतं म्हणजे मिश्र भाज्यांचा. यांना फारशी मेहनत नाही, मसाला रात्रभरात मुरतो. वर थिजलेली चरबी काढून फेकू नका, अर्धा वास तिच्यातच आहे. घट्ट झालेल्या शागोतीत गार पाणी न ओतता गरम पाणी थोडं थोडं घाला, बारीक आचेवर, शेवटी मात्र मधोमध चांगली वाफ येईपर्यंत उकळी येऊ द्या. आमच्या शेजारच्या ख्रिश्चन घरात फेस्ताचं (सणाचं) सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचा रस्सा, दोन-तीन दिवस आधीच करून ठेवतात, व्हिनेगरमुळे ते टिकतं आणि दिवसागणिक मुरत जातं, ते बघूनच मी पाहुणे यायचे असले की शागोती आदल्या रात्री करायला लागले.

चतुर्थीचं खतखतं उरतंच. गरम करताना एखाद-दुसरं तिरफळ ठेचून घाला, कालच्या तिरफळांचा वास तोपर्यंत बसलेला असतो.

मुद्दाम आधी करून ठेवायचं असेल तर

मी रविवारी दोन नारळांचं वाटण करते, मिरची, धणे, हळद घालून, पाणी शक्य तितकं कमी. बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीझरमध्ये, वड्या झाल्या की पिशवीत. दोघांच्या कडीला चार वड्या पुरतात, महिनाभर जातं, आंबट आणि तिरफळ मात्र आयत्या वेळीच. नुसतं किसलेलं खोबरं फ्रीजमध्ये दोन-तीन दिवसांत बुळबुळीत होतं, तेही फ्रीझरमध्येच ठेवा. आळसांदे, म्हणजे चवळीसारखं कडधान्य, उकडून ठेवता येतात. बटाटा असलेलं काहीही फ्रीझरमध्ये टाकू नका, रवाळ आणि पाणचट होतो.

डब्यासाठी भेंडी, गवार रात्री करत असाल तर थोडी कच्ची असतानाच गॅस बंद करा, सकाळी गरम करताना ती पुरी शिजते. आणि ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये डबा गरम करताना जेवण कडेने पसरून मध्ये खळगा ठेवा, अर्ध्या वेळात थांबवून ढवळा, नाहीतर कडा भाजतात आणि मधला घास गारच लागतो. स्टीलच्या डब्यातून काचेच्या भांड्यात काढायला विसरू नका.

पावसाळ्यात लाईट गेली तर फ्रीजचं दार सारखं उघडून बघू नका. बंद ठेवलं तर आतलं साधारण ४ तास गार राहतं, गच्च भरलेला फ्रीझर त्याहून कितीतरी जास्त. पण रात्री नेमकी कधी गेली ते कळलंच नाही आणि सकाळी आतला डबा हाताला कोमट लागला, तर मासे आणि भात टाकून द्या, जीव हळहळला तरी, आणि त्या दिवशी ताजी कडी करा.