तीन दिवसांचा अंदाज बघून करायची तयारी

मे संपत आला की देशाच्या नकाशावर सगळं एकदम सुरू होतं. कोकणात पूर्वमोसमी पाऊस, विदर्भात उन्हाचा कहर, दिल्लीकडे राजस्थानातून उडत आलेली धूळ. अशात लांबच्या प्रवासाला निघायचं असेल, तर बातमीचा मथळा सोडा आणि भारतीय हवामान विभागाचं मूळ पत्रक उघडा. आधी जिल्हा बघा, मग तारीख, मग इशाऱ्याचा रंग. पिवळा असेल तर लक्ष ठेवायचं, नारिंगी असेल तर तयारी करायची. लाल दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झाला, तेव्हा औषधं, पॉवर बँक, टॉर्चचे सेल वगैरे सगळं नारिंगीलाच उरकून टाका. पहाटेची गाडी असेल तर आदल्या दिवसाचा रकाना बघायचा, कारण पत्रकातला दिवस सकाळी साडेआठपासून दुसऱ्या दिवशी साडेआठपर्यंत चालतो.

पावसाच्या ओळी सावकाश वाचा. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ म्हणजे थोडासा पाऊस असं समजून लोक छत्रीही घेत नाहीत. तुरळक आहेत ती ठिकाणं, पाऊस नव्हे. मुसळधार म्हणजे २४ तासांत ६४.५ मिमीच्या वर, अतिमुसळधार ११५.६ च्या वर, आणि तो आपल्याच गल्लीत पडू शकतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला, त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम ७३. म्हणून गच्चीच्या पन्हळीतला पालापाचोळा आधीच काढा, कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि विजांच्या इशाऱ्यासाठी फोनवर ‘दामिनी’ ॲप ठेवा. गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात जा, झाडाखाली नको. वाहत्या पाण्यात गाडी घालायची नाही, पुढची गेली म्हणून तर मुळीच नाही.

उन्हाचे आकडे जागेप्रमाणे बदलतात. ३८ अंश नागपूरकरांच्या खिजगणतीत नसतात. किनाऱ्यावर मात्र कमाल तापमान ३७ किंवा त्याहून जास्त आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर गेलं, की ती उष्णतेची लाट. शिवाय तापमापक सावलीत असतो, तुम्ही रस्त्यावर. दुपारी १२ ते ३ मधली कामं सकाळवर ढकला. ओआरएसची पुडी लिटरभर स्वच्छ पाण्यात अख्खी टाका. अर्धी पुडी अंदाजाने टाकली की प्रमाण बिघडतं. उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर त्याला सावलीत आणा, ओल्या फडक्याने अंग पुसा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

हवा किती प्रदूषित आहे ते कळायला ‘समीर’ ॲप बघा. त्यातला हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक २०० च्या पुढे म्हणजे हवा वाईट, ३०० च्या पुढे अतिवाईट. त्यात धुळीचा आकडा २४ तासांच्या सरासरीचा असतो, त्यामुळे आत्ता उठलेली वावटळ त्यात लगेच दिसत नाही. समोरची इमारत धूसर झाली तर डोळ्यांवर विश्वास ठेवा. रुमालाने जाडी धूळ अडते, बारीक कण नाही. त्याला एन-९५ हवा आणि तोही नाकावर घट्ट बसलेला. दमेकऱ्यांनी इन्हेलर हातातल्या पिशवीत ठेवावा, बर्थखालच्या बॅगेत नव्हे.

अडचण होते ती ऊन आणि धूळ एकाच दिवशी आल्यावर. उकाड्यासाठी खिडकी उघडावी तर धूळ आत. माझ्या मते वादळ असेपर्यंत खिडक्या बंद, नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसणं, आणि मग खिडक्या सताड उघडून रात्रीचा गारवा आत घेणं, हेच बरं. घरात म्हातारी माणसं असतील तर किमान तापमानही बघा. रात्र तापलेली राहिली तर शरीराला उसंत मिळत नाही.

पत्रक रोज बदलतं, तेव्हा निघायच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा एकदा बघा. दाराला कुलूप लावण्याआधी पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशाराही बघून घ्या, आणि त्यात आपला जिल्हा असेल तर रिक्षा थोडी उशिरा बोलवा.