चाळीस कामांतून चार कशी निवडायची: विद्यापीठाचा प्राधान्यक्रम ठरवणाऱ्यांसाठी

मी एकतीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं. त्यातली पहिली अकरा बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, डोंगरपट्ट्यात. पुढे अधिष्ठाता झाले आणि विद्यापीठाचा पाच वर्षांचा प्राधान्यक्रम ठरवणाऱ्या समितीत दोनदा बसले. पहिल्या खेपेला एकेचाळीस कामांची यादी आली, ती आम्ही तशीच मंजूर केली. पाच वर्षांनी त्यातलं काय झालं, हे सांगणारा एकही कागद सापडला नाही. दुसऱ्या खेपेला चारच कामं ठरवली. ती कशी ठरवली, ते लिहिते.

सुरुवात आवक नोंदवहीपासून करा. परीक्षा विभाग आणि पात्रता विभाग यांची गेल्या वर्षाची नोंदवही मागवा, दोन माणसं बसवा आणि प्रत्येक अर्जाचा विषय मोजून काढा. गुणपत्रिकेवरच्या नावाची दुरुस्ती, पुनर्मूल्यांकन, स्थलांतर प्रमाणपत्र, पदवी प्रमाणपत्र, राखीव (म्हणजे रोखून ठेवलेला) निकाल. आम्हाला आठ दिवस लागले. सगळ्यात जास्त अर्ज राखीव निकालाचे निघाले. ‘परीक्षा सुधारणा’ हे प्राधान्य ठरवून समिती तिथंच उठणार होती. मी म्हटलं, थांबा, निकाल राखीव का राहतात ते बघू. बहुतेक ठिकाणी कॉलेजकडून अंतर्गत गुणच वेळेत आले नव्हते. का आले नव्हते? तो विषय तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे तासागणिक मानधनावर नेमलेल्या, शिक्षकाकडे होता, सत्र संपलं आणि तो निघून गेला, गुण भरायला कुणी उरलंच नाही. म्हणजे दुखणं परीक्षा भवनात नव्हतं, रिकाम्या पदांत होतं. कोणत्याही तक्रारीच्या मागे असं तीन पायऱ्या तरी जा. पहिल्या पायरीवर थांबलात, तर नवीन सॉफ्टवेअर विकत घ्याल आणि निकाल राखीवच राहतील.

दुसरं काम, विद्यार्थी महिन्यांप्रमाणे बघायचे. वार्षिक पटसंख्या आपल्या भागात फसवते. दसरा-दिवाळी झाली की पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूरकडची कुटुंबं ऊसतोडीला जातात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत फडावरच असतात. घरातली मोठी मुलगी कधी सोबत जाते, कधी धाकट्या भावंडांसाठी आणि म्हाताऱ्यांसाठी मागं राहते. वर्गात दोन्ही वेळेला तिची जागा रिकामीच. माझ्या वर्गात जुलैला पुढच्या बाकावर बसणाऱ्या मुली डिसेंबरात नसायच्या. हजेरीचा नियम त्यांना परीक्षेबाहेर ठेवायचा. कोणत्याही अहवालात हे येत नाही, कारण अहवाल वर्षातल्या एकाच दिवसाचा पट धरतो. तालुकावार, महिनावार हजेरी मागवा. सगळी कॉलेजं पाठवणार नाहीत. जी पाठवतील, त्यांवरून चित्र दिसतं.

मग बाहेर पडा. प्रश्नावली पाठवू नका, तिला प्राचार्यांच्या कार्यालयातला लिपिक उत्तर देतो. बैठका तालुक्याला लावा, आठवडी बाजाराच्या दिवशी, म्हणजे पालकही येतात. प्रश्न एकच ठेवा: विद्यापीठानं पुढच्या दोन वर्षांत एकच गोष्ट केली तर कोणती करावी? पाटोद्याला एका आईनं सांगितलं, ‘पोरीची चाचणी मे महिन्यात परत घ्या, आम्ही तवर येतो.’ आमच्या चारांपैकी पहिलं काम ते झालं: फडावरून परतलेल्यांसाठी मे महिन्यात अंतर्गत चाचणीची दुसरी संधी.

आपल्याकडं मोठे निर्णय असेच, गरजेच्या नावानं झालेले आहेत. १९५८ पूर्वी मराठवाड्यातली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडं बघत होती. मराठवाडा विद्यापीठ व्हायच्याही आठ वर्षं आधी, १९५०मध्ये, बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज काढलं, पुढे तिथल्याच नागसेनवन परिसरात वसतिगृहं उभी राहिली, कारण खेड्यातला दलित मुलगा राहणार कुठं हा प्रश्न शिकणार काय याच्या आधीचा होता. १७ सप्टेंबर १९९४ला नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झालं आणि किनवट-उदगीरच्या मुलाची एका सहीसाठीची औरंगाबादची वारी थांबली. तुमच्या यादीतल्या प्रत्येक कामापुढं असाच एक मुलगा किंवा मुलगी उभी करता आली पाहिजे.

आता चाळणी. प्रत्येक सुचवणाऱ्याला चार ओळी लिहून द्यायला सांगा. अंदाजपत्रकातल्या कोणत्या लेखाशीर्षातून पैसा येईल. कोण माणूस करील, आणि ते पद मंजूर आहे का, बिंदूनामावलीत, म्हणजे पदांच्या आरक्षणाच्या क्रमात, कुठं बसतं. शैक्षणिक वेळापत्रकातली कोणती तारीख बदलेल. आणि यासाठी आपला विभाग काय बंद करील. चौथ्या ओळीवर निम्मे प्रस्ताव गळतात. आमच्याकडं एका विभागानं दरवर्षीची मोठी परिषद दोन वर्षं थांबवून तो पैसा प्रयोगशाळेच्या दुरुस्तीला दिला. असा विभाग भेटला तर त्याचं काम वर घ्या. अंदाजपत्रक, पदं आणि वेळापत्रक, या तिन्हींत जे काम दिसत नाही, ते प्राधान्य म्हणून मंजूर करू नका, सुचवणारा कितीही ज्येष्ठ असो.

शिक्षकांच्या पदांना मान्यता मंत्रालयातून येते. म्हणून चारांतलं एकच काम शासनावर अवलंबून ठेवा, तीन आपल्या हातातली. नाहीतर पाच वर्षं पत्रव्यवहारातच जातात.

संशोधनाचा प्राधान्यक्रम ठरवताना शेजारी बघा. परभणीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, कापूस-सोयाबीनच्या वाणांचं काम त्यांचं. पण एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्यामागचं भूजल, पीकपद्धत आणि महानगरपालिकेचा कारभार हे भूशास्त्र, अर्थशास्त्र, लोकप्रशासन या आपल्याच विभागांचे प्रश्न आहेत. तीन विभागांनी मिळून एक प्रश्न घ्यावा, असा माझा आग्रह राहिला आहे.

दोन गोष्टींची गल्लत टाळा. २०१६च्या सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाप्रमाणे जो पाच वर्षांचा बृहत आराखडा करतात, त्यावर नवं कॉलेज कुठल्या बिंदूवर, म्हणजे कुठल्या ठिकाणी, द्यायचं हे ठरतं. तो झाला म्हणजे प्राधान्यक्रम झाला असं अनेकांना वाटतं, आणि सगळी चर्चा ‘आमच्या गावाला कॉलेज’ यावर संपते. दोन्हींच्या बैठका वेगळ्या दिवशी घ्या. नॅक, म्हणजे विद्यापीठ-कॉलेजांचं मूल्यांकन करणारी राष्ट्रीय संस्था, हिच्या निकषांवरूनही प्राधान्यं काढू नका. झालेलं काम त्या निकषांत नंतर बसवता येतं.

मंजुरीचं थोडक्यात, ती विद्यापीठाच्या या मंडळांकडून घ्यायची: विद्या परिषद, व्यवस्थापन परिषद, अधिसभा. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि विभागांच्या मागण्या हिवाळ्यातच वित्त विभागाकडं जातात, म्हणून चार कामं नोव्हेंबरअखेर पक्की हवीत. जानेवारीत ठरवलेलं काम आणखी एक वर्ष मागं पडतं.

दर तिमाहीला कुलगुरूंपुढं एकच पान ठेवा. प्रत्येक कामासमोर खर्च, भरलेली पदं आणि मोजता येईल असा एक आकडा: आमच्याकडं तो राखीव निकालांचा होता, तीस दिवसांहून जुने किती.

आणि मागं राहिलेल्या छत्तीस-सदतीस कामांची फाइल ठेवा. प्रत्येकावर का घेतलं नाही ते दोन ओळीत, तारखेसह लिहा, आणि सुचवणाऱ्याला तेच पत्रानं कळवा. आम्ही ती पत्रं पाठवली तेव्हा एका ग्रंथपालांचा फोन आला. बावीस वर्षांत विद्यापीठानं पहिल्यांदाच मला ‘नाही’ असं कळवलं, म्हणाले, आणि सुधारलेला प्रस्ताव घेऊन पुढच्या सोमवारी कार्यालयात हजर झाले.