नवी गाडी घेताय? आधी महिनाभर वही लिहा

‘दाजी, कुठली गाडी घेऊ?’ साताऱ्याहून मेहुण्याचा फोन. मी उलट विचारलं, ‘महिन्याचं रनिंग किती?’ उत्तर तयारच होतं : ‘असेल की हजार-बाराशे.’ त्याला जुन्या गाडीच्या मीटरचा फोटो एक तारखेला आणि तीस तारखेला काढायला लावला. निघाले ४३० किलोमीटर. तोवर हा पठ्ठ्या हायब्रिड एसयूव्हीचं बुकिंग करायला निघाला होता, आणि तेही पेट्रोल वाचवायचं म्हणून!

तेव्हापासून कुणीही विचारलं की मी हाच क्रम सांगतो. व्हिडिओ, रिव्ह्यू, रंग हे सगळं नंतर.

पहिली पायरी : वही

महिनाभर रोज चार गोष्टी लिहा. किती किलोमीटर झाले, त्यातले गावातले किती आणि हायवेचे किती, गाडीत माणसं किती होती, रात्री गाडी कुठे लावली. शेवटच्या पानावर वर्षातला सगळ्यात लांबचा प्रवास आणि तो किती वेळा होतो ते लिहा. गणपतीला कोकणात सात जण जातात म्हणून सात सीटर घेणारे लोक मी पाहिलेत. उरलेले अकरा महिने मागची सीट पाडलेली आणि पुढे एकटा माणूस. त्या चार दिवसांसाठी भाड्याची गाडी केली तरी खूप स्वस्तात पडतं.

दुसरी पायरी : इंधन

इथे सावकाश चला, कारण खरे पैसे इथेच वाचतात किंवा बुडतात. सूत्र एकच : महागड्या पर्यायाला जास्त मोजलेली रक्कम भागिले वर्षाला होणारी बचत. येईल तितक्या वर्षांनी पैसे वसूल.

पेट्रोल १०५ रुपये लिटर धरू, तुमच्या गावचा भाव घाला. मध्यम एसयूव्ही मिश्र रस्त्यावर १५ चं अ‍ॅव्हरेज देते असं मानलं तर किलोमीटरला ७ रुपये पडतात. तीच गाडी स्ट्राँग हायब्रिडमध्ये (पेट्रोल इंजिन, शिवाय एकटी गाडी ओढू शकणारी इलेक्ट्रिक मोटर) २२ देईल, म्हणजे पावणेपाच रुपये. किलोमीटरमागे सव्वादोन रुपये वाचले. हायब्रिडला अडीच लाख जास्त द्यावे लागत असतील तर मेहुण्याच्या ४३० किलोमीटरवर वर्षाला साधारण साडेअकरा हजार वाचतात, म्हणजे वसुलीला जवळपास २२ वर्षं! महिन्याला १५०० चालवणाऱ्याला तेच पैसे सहा वर्षांत सुटतात. आणि हे १५०० जर सिग्नल-ट्रॅफिकमधले असतील, जिथे साधी गाडी ११ वर येते आणि हायब्रिड २० देते, तर सव्वातीन-साडेतीन वर्षांत. गाडी तीच आणि किंमतही तीच, फरक फक्त वहीतल्या आकड्यांचा.

गावात हायब्रिडचा फायदा मोठा का? ब्रेक दाबला की साध्या गाडीत ती ताकद उष्णता होऊन वाया जाते. स्ट्राँग हायब्रिडमध्ये मोटर जनरेटरचं काम करून त्यातली बरीच ताकद बॅटरीत भरते आणि पुढच्या सिग्नलला त्यावरच गाडी हलवते. रांगेत सरकताना इंजिन बऱ्याच वेळा बंदच असतं. हायवेला एकसारखं शंभरने जाताना ब्रेकच लागत नाही, मग वाचणार काय? तिथे फरक बराच कमी होतो.

एक सावधगिरी. मागे ‘हायब्रिड’ची पट्टी आहे म्हणून भुलू नका. माइल्ड हायब्रिडमध्ये छोटी मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते, ती एकटी गाडी ओढत नाही. मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर माइल्ड आणि स्ट्राँग अशा दोन्ही रूपांत मिळाल्या आहेत. नाव एक आणि यंत्रणा दोन, त्यामुळे शोरूममध्ये गोंधळ ठरलेला. विचारायचं असं : ‘इंजिन बंद ठेवून ही गाडी नुसत्या मोटरवर चालते का?’ होंडा सिटी ई:एचईव्ही किंवा इनोव्हा हायक्रॉसच्या हायब्रिडला उत्तर ‘हो’ आहे. हायब्रिडला प्लग लावावा लागत नाही, कारण तिची बॅटरी चिमुकली असते. हायरायडरची एक युनिटसुद्धा (वीजबिलातलंच युनिट, म्हणजे किलोवॅट-तास) नाही, तर टाटाच्या नेक्सॉन ईव्हीची, म्हणजे पूर्ण इलेक्ट्रिक गाडीची, मोठी बॅटरी ४५ युनिटची आहे.

सीएनजीचा हिशेब कागदावर सगळ्यात गोड. ९० रुपये किलो आणि किलोला २२ किलोमीटर धरले तर चार रुपयांच्या आसपास, शिवाय जास्तीची रक्कम लाखाच्या आत-बाहेर. पण पंपावरची रांग या हिशेबात येत नाही. पंप रोजच्या वाटेवर आहे का, आणि सकाळी सातला तिथे किती रिक्षा उभ्या असतात, ते एकदा जाऊन बघा. डिक्कीत टाकी बसते. दोन छोट्या टाक्या खाली बसवलेल्या मॉडेलमध्ये बॅगा मावतात, तरी गावाहून येणारे फणस आणि तांदळाचं पोतं मनात धरून डिक्की उघडा. टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी करावी लागते, हेही लक्षात असू द्या.

डिझेल आता फक्त त्यांच्यासाठी, ज्यांची वही हायवेने भरलेली आहे. बीएस-६ (प्रदूषणाचे सध्याचे नियम पाळणाऱ्या) डिझेलच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी जाळी असते आणि ती जाळून साफ व्हायला गाडी लांब आणि तापून पळावी लागते. रोज दोन किलोमीटरवर पोरांना शाळेत सोडणाऱ्याची ती तुंबते, दिवा लागतो आणि वर्कशॉपच्या चकरा सुरू होतात.

तिसरी पायरी : इलेक्ट्रिकचा विचार असेल तर आधी प्लग

मी स्वतः ईव्ही चालवतो. पुण्यात रोजची ये-जा चाळीसेक किलोमीटर आहे. मीटरवरच्या एका युनिटमागे सहा किलोमीटर आणि युनिटला १२ रुपये धरले तर किलोमीटरला दोन रुपये पडतात. एवढं स्वस्त दुसरं काहीच नाही. पण हे सगळं घरच्या प्लगवर. तुमची गाडी रात्री रस्त्याकडेला उभी राहत असेल तर ईव्हीचा नाद सध्या सोडा. सगळं चार्जिंग बाहेरच्या फास्ट चार्जरवर केलं तर खर्च दुपटीच्या आसपास जातो, आणि दर चार-पाच दिवसांनी तासभर मॉलमध्ये फिरत बसावं लागतं.

आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये वायर ओढायला परवानगी मिळवायची म्हणजे दोन सभा आणि एक भांडण. ‘सगळ्यांनीच घेतल्या तर ट्रान्सफॉर्मर उडेल,’ हा आक्षेप होता. तो अगदीच चुकीचाही नव्हता. म्हणून बुकिंगच्या आधी सोसायटीचं ना हरकत पत्र हातात घ्या. मग वायरमनला बोलावून तीन गोष्टी बघा : मीटरपासून पार्किंगपर्यंतचं अंतर, मंजूर लोड आणि अर्थिंग. अर्थिंग कच्चं असेल तर गाडी चार्जिंगच घेत नाही, आणि लोक उगाच गाडीला शिव्या देतात. माझ्याकडे पहिल्या रात्री हेच झालं. चार्जरवर लाल दिवा लागलेला, आणि मी बनियनवर पार्किंगमध्ये हेल्पलाइनला फोन लावतोय!

साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर ३.३ किलोवॅटचा चार्जर चालतो. रात्रीच्या आठ तासांत सहज दीडशे किलोमीटरची भर पडते. रोज चाळीस चालवणाऱ्याला भिंतीवरचा ७.२ किलोवॅटचा चार्जर लागतच नाही, फुकट मिळाला तर घ्या. बिलाकडे मात्र लक्ष ठेवा. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात, घरचा वापर आणि गाडी एकाच मीटरवर आली तर वरच्या टप्प्यातली युनिटं चांगलीच महाग पडतात. गाडीसाठी वेगळं कनेक्शन घेता येतं, त्याची चौकशी करा.

रेंजचा आकडा छापील मानू नका. ४५ युनिटच्या नेक्सॉनला कंपनीचा आकडा ४८९ किलोमीटरचा आहे, मी हिशेबाला ३०० धरतो. पुणे-कोल्हापूर २३० च्या आसपास, एका दमात जमतं. कोकणात उतरताना मात्र वाटेवरचे दोन चार्जर बघून ठेवावेत. एक बंद निघाला किंवा तिथे कुणी साधी गाडी लावून जेवायला गेला, तर दुसरा हवा. फास्ट चार्जिंग ८० टक्क्यांपर्यंत भरभर होतं, नंतर धार बारीक होते. तिथेच उठायचं. घाट उतरताना बॅटरीची टक्केवारी वाढताना बघण्यात जी मजा आहे, ती मला अजून जुनी झालेली नाही.

महाराष्ट्रात ईव्हीला मोटार वाहन कर माफ आहे, जीएसटी ५ टक्के आहे, आणि २०२५ च्या राज्याच्या धोरणाने समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर टोलमाफी ठेवली आहे. दुसरी बाजूही बघा. विम्याचा हप्ता जास्त बसतो आणि जुन्या बाजारात ईव्हीला भाव अजून नीट ठरलेला नाही. तीन वर्षांनी गाडी बदलायची सवय असेल तर घेऊ नका. बॅटरीची वॉरंटी बहुतेक ठिकाणी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर असते, पण बॅटरी किती उतरली म्हणजे कंपनी बदलून देणार, ती ओळ वॉरंटीच्या कागदावर शोधून वाचा. सेल्समनच्या तोंडचं ‘लाइफटाइम’ कामाचं नाही.

चौथी पायरी : ऑन-रोड किंमत

एक्स-शोरूम किमतीवर (जीएसटी धरून, पण राज्याचा कर आणि विमा सोडून सांगितलेला भाव) बजेट आखू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीला जीएसटी १८ टक्के आहे, त्यावरच्यांना ४०. त्यावर राज्याचा कर वैयक्तिक पेट्रोल गाडीला किमतीनुसार ११ ते १३ टक्के आणि डिझेलला १३ ते १५. सीएनजीला पेट्रोलपेक्षा कमी. गाडी कंपनीच्या नावावर घेतलीत तर कर बराच जास्त बसतो. दहा लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आगाऊ आयकर) कापतात. तो खर्च नव्हे, इन्कम टॅक्सच्या रिटर्नमध्ये वळता करून घेता येतो. बरेच जण विसरतात.

कोटेशन लेखी घ्या आणि ओळ न् ओळ विचारा. मेहुण्याच्या कोटेशनात ‘हँडलिंग चार्जेस’ नऊ हजार लावले होते. ‘हे कशाचे?’ म्हटल्यावर ‘सगळेच देतात, सर’ एवढंच उत्तर. तो उठून दाराशी गेला आणि ती ओळ गायब झाली. विमा शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेरून झिरो डेपसकट (पार्ट बदलताना घसारा न कापणारं कव्हर) दोन कोटेशनं आणा आणि मग शोरूमला तेवढ्यात द्यायला सांगा.

पाचवी पायरी : सुरक्षा

भारत एनकॅपचे (गाडी आपटून घेतलेल्या सरकारी सुरक्षा चाचणीचे) स्टार २०२३ पासून मिळू लागले आहेत. त्यात तुमचं मॉडेल आणि नेमकी कुठली आवृत्ती तपासली होती ते बघा. सनरूफसाठी वरची आवृत्ती घेणार असाल आणि सहा एअरबॅग, ईएससी (गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा) खालच्यातही मिळत असतील, तर खालची घ्या. माझं मत एवढंच.

सहावी पायरी : टेस्ट ड्राइव्ह आपल्या रस्त्यावर

शोरूमवाले सरळ, रुंद रस्त्यावर दोन किलोमीटर फिरवून आणतात. ऐकू नका. मेहुण्याने गाडी यवतेश्वरच्या घाटात नेली, सोबत घरची चार माणसं, एसी चालू, दुपारी दोनला. माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्या उंच एसयूव्हीत चढताना वरचं हँडल धरून लोंबकळल्या, आणि बुटक्या सेडानमधून उठताना ‘अगं बाई’ म्हणाल्या. मधल्या उंचीच्या हॅचबॅकमध्ये मात्र नुसत्या टेकल्या आणि पाय आत घेतले. गाडी तिथेच ठरली. हायब्रिड चालवून बघत असाल तर चढावर बॅटरी उतरल्यानंतर इंजिनाचा आवाज कितपत होतो, तेही ऐका. सपाटीवर ते कळत नाही.

शेवटची पायरी : पासिंगच्या आधी तपासणी

दसरा, पाडवा, धनत्रयोदशीला शोरूममध्ये लग्नघर असतं, तुमच्यासाठी कुणालाच वेळ नसतो. म्हणून दोन-तीन दिवस आधी, आरटीओची नोंदणी व्हायच्या अगोदर, गाडी उजेडात बघून घ्या. एकदा तुमच्या नावावर चढली की बदलून मिळणं विसरा. चासी नंबर कागदाशी ताडा आणि उत्पादनाचा महिना विचारा. टायरवर चार आकडे असतात : २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. पाचही टायरचे बघा, स्टेपनीसकट. रंगाचा फरक दारांच्या कडांना दिसतो. ईव्ही असेल तर चार्जरची केबल लावून दहा मिनिटं चार्ज करून दाखवायला सांगा.

मेहुण्याने शेवटी लहान पेट्रोल हॅचबॅक घेतली. दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू, सासूबाई ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या, आणि हा डिक्कीत डोकं घालून बसलेला. जॅक होता, चाक खोलायचा पाना नव्हता. सेल्समन म्हणाला, ‘सर, सही करा, उद्या पाठवून देतो.’ मेहुण्याने पेन खिशात ठेवलं. सासूबाई मुहूर्त टळतोय म्हणून कुरकुरल्या. वीस मिनिटांनी वर्कशॉपमधून एक पोरगा पाना घेऊन धावत आला, आणि मग नारळ फुटला.