जूनमधली गळती: घरी गाणं शिकवणाऱ्यांसाठी

रात्री पावणेअकराला मेसेज आला. "ताई, उद्यापासून ती येणार नाही. दहावीची व्हेकेशन बॅच सुरू झाली. थँक यू फॉर एव्हरीथिंग." पुढे हात जोडलेल्या दोन इमोजी. सहा वर्षं ही मुलगी मंगळवार-शुक्रवार संध्याकाळी पाचला माझ्याकडे येत होती. पहिल्यांदा आली तेव्हा पेटीच्या पलीकडून तिचं नुसतं कपाळ दिसायचं. भीमपलास राग अर्ध्यावर होता. बंदिश बसली होती आणि आलाप घ्यायला ती नुकती कुठे धजावायला लागली होती. मी मेसेज वाचला, अंगठा पाठवला आणि दोन वाजेपर्यंत छताकडे बघत पडले.

तो अंगठा पाठवायला नको होता. त्याऐवजी काय करायचं हे शिकायला मला बरीच वर्षं लागली होती, तरी त्या रात्री चुकले. म्हणून हे लिहिते आहे, खास करून ज्यांनी नुकता घरी क्लास सुरू केलाय त्यांच्यासाठी.

मी डोंबिवली पूर्वेला बाहेरच्या खोलीत 23 वर्षं गाणं आणि पेटी शिकवते. क्लास चालू असताना नवरा आतल्या खोलीत आवाज बंद करून क्रिकेट बघतो. सध्या 26 विद्यार्थी आहेत. 2009 पासून मी एक वही ठेवली आहे. कोण कधी आलं, कधी गेलं, का गेलं. पहिलं काम हेच करा, वही घाला. मनात ठेवलं की प्रत्येक जाणारा आपल्यामुळे गेला असं वाटतं. वहीत लिहिलं की दिसतं, माणसं ऋतूप्रमाणे जातात. माझ्याकडची निम्म्याहून जास्त मुलं एप्रिल ते जून या तीन महिन्यांत गेली आहेत. नववीची परीक्षा संपते, दहावीचे क्लास सुरू होतात. जूनमध्ये शाळेची वेळ बदलते, सकाळची दुपारची होते. बाबांची बदली होते, किंवा पलावाला नवा फ्लॅट मिळतो आणि मानपाडा रोडच्या ट्रॅफिकमधून आठवड्यातून दोनदा कोण येणार.

दुसरी वेळ म्हणजे गंधर्व महाविद्यालयाची संगीत परीक्षा. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, आणि थांबले. दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात, त्यासाठी पुष्कळ घरांत तिथपर्यंतच मजल मारायची असं आधीच ठरलेलं असतं. प्रवेशिका पूर्णचा निकाल लागला की पेढे येतात आणि मुलगा जातो. पूर्वी मला या पेढ्यांचा राग यायचा. आता मी तिसऱ्या परीक्षेचा फॉर्म भरतानाच आईला सरळ विचारते, "यानंतर मध्यमा करायचंय का, की इथेच थांबायचं?" उत्तर "बघू" असं आलं तर ते "नाही" समजायचं आणि उरलेले महिने अभ्यासक्रमाबाहेरचं, त्याला आवडेल ते शिकवायचं. एक अभंग, एक नाट्यपद, थोडी पेटीवर साथ. परीक्षेचं गाणं परीक्षेनंतर पुसलं जातं, हे राहतं.

आता मेसेज आल्यावर काय करायचं ते. रात्री उत्तर देऊ नका, काहीच नाही, अंगठाही नाही. आई रात्री लिहिते कारण तिला तोंडावर सांगायची लाज वाटते. आपण रात्री उत्तर दिलं तर त्यात आपली दुखावलेली बाजू हमखास डोकावते. मी एकदा लिहिलं होतं, "ठीक आहे, पण एवढी मेहनत घेतल्यावर निदान समोर येऊन सांगायला हवं होतं." शब्द बरोबर होते. ती बाई आजही भाजीवाल्याकडे मला बघून दुसऱ्या बाजूला वळते.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन करायचा, लिहायचं नाही. माझं वाक्य ठरलेलं आहे, हवं तर तसंच्या तसं घ्या: "हरकत नाही हो, दहावी आहे, बरोबरच आहे. फक्त या शुक्रवारी नेहमीच्या वेळेला तिला एकदा पाठवा. त्या दिवसाची फी नको." बस. का सोडताय, कुठे जाताय, हे विचारायचं नाही. "गाणं मात्र सोडू नकोस हं" असंही म्हणू नका. ऐकायला छान वाटतं, पण ते वाक्य मुलाच्या डोक्यावर गृहपाठासारखं बसतं. मग रियाज झाला नाही की ते आपल्याला टाळायला लागतं.

सगळ्यात महत्त्वाचा तो शेवटचा तास. माझ्या अनुभवात मुलं जातात त्याचं दुःख कमी असतं. मधेच तुटल्याचं जास्त असतं. भीमपलास अर्धा राहिल्याचं. तो तास मिळाला की आपल्यालाही झोप लागते आणि मुलाच्याही मनात क्लास ही चोरून सोडलेली गोष्ट राहत नाही.

या तासाला नवीन काही शिकवायचं नाही. चुका काढायच्या नाहीत, ही माझ्यासाठी सगळ्यात कठीण अट आहे. पहिल्या वर्षीच्या वहीपासून सुरू करायचं. मी भूप रागापासून करते, कारण पाच स्वर, सगळे शुद्ध, मध्यम-निषाद नाहीत, कितीही वर्षं गेली तरी गळ्यातून निसटत नाही. मुलं तिसरीतलं स्वतःचं अक्षर बघून हसतात. मग त्यांना आवडतं ते गायचं, तानपुऱ्याचं अ‍ॅप लावून, आणि ते त्यांच्याच मोबाईलवर रेकॉर्ड करायचं. शेवटी वहीच्या मागच्या पानावर मी स्वतः लिहून देते: तुझा सा काळी पाच (सप्तकातली पाचवी काळी पट्टी). अ‍ॅपवर हीच पट्टी लाव. 15 मिनिटं मिळाली तर 5 मिनिटं नुसता सा, 5 मिनिटं सरळ अलंकार विलंबित लयीत, 5 मिनिटं मन मानेल ते. मुलगा असेल तर खाली आणखी एक ओळ: आवाज फुटला की पट्टी उतरव, ओढून वर गाऊ नकोस.

ही ओळ कुठून आली ते सांगते, कारण जाणारे सगळेच दहावीमुळे जात नाहीत. काही आपल्यामुळे जातात. माझ्याकडे एक मुलगा होता, गोड गळा, तेरा वर्षांचा. आवाज घोगरा व्हायला लागला होता, मला ऐकू येत होतं. पण गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम जवळ आला होता, बाकी मुली काळी पाचमध्ये गात होत्या, एकट्यासाठी पट्टी कुठे बदलू, म्हणून मी त्याला तसंच उभं केलं. तार सप्तकाच्या सा वर आवाज चिरकला. समोर बसलेल्या मुली हसल्या, तोही त्यांच्याबरोबर हसला, टाळ्या झाल्या, आणि तो परत कधी आला नाही. त्याच्या घरून कारण आलं "फुटबॉल". खरं तर मी त्याला काळी एकवर उतरवून मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, गायला लावायचं होतं, नाहीतर सरळ सहा महिने गाणं बंद ठेवून पेटी हातात द्यायची होती. गळा बसेपर्यंत मुलगा संगीतात राहतो, एवढंच पाहिजे असतं.

म्हणून वहीतल्या कारणापुढे मी एक कोरी जागा ठेवते. घरून आलेलं कारण एका ठिकाणी आणि मला वाटतं ते दुसऱ्या ठिकाणी, पण ते तीन महिन्यांनी लिहायचं. त्याच आठवड्यात लिहिलं तर एकतर सगळा दोष आपण अंगावर घेतो, नाहीतर सगळा आईबापांवर टाकतो. तीन महिन्यांनी थोडं खरं लिहिता येतं. तेच कारण दोनदा आलं तर क्लासमध्ये काहीतरी बदलायचं. माझ्याकडे आता बारा-तेरा वर्षांच्या मुलांची वेगळी बॅच आहे, ती याच कोऱ्या जागेमुळे.

दुसऱ्या गुरूकडे गेलेले विद्यार्थी हा खरा दुखरा विषय. सात वर्षं शिकवलेली एक मुलगी दादरला एका नावाजलेल्या गायिकेकडे जायला लागली. मला कळलं ते तिच्या मैत्रिणीच्या स्टेटसवरून, गुरुपौर्णिमेच्या फोटोत, नव्या गुरूंच्या पायाशी. पंधरा दिवस मी सगळ्या बॅचवर खेकसत होते. इथे उपाय म्हणून एकच सांगते. थोर गायक मल्लिकार्जुन मन्सूर आधी नीलकंठबुवांकडे शिकले, मग मंजीखाँसाहेबांकडे, त्यांच्यानंतर भुर्जीखाँसाहेबांकडे. आपण नीलकंठबुवांच्या जागी आहोत असं समजायचं. उपमा जरा मोठीच झाली, पण काम करते. आणि शक्य असेल तर पुढच्या वेळी आपणच आधी म्हणायचं, "तुला आता माझ्यापेक्षा पुढचं कुणी हवंय, कुणाकडे जायचं ते आपण ठरवू." मी हे आजवर दोघांना म्हटलंय. दोघंही अजून फोन करतात. जिला म्हणायचं राहून गेलं ती करत नाही.

पैशांचं थोडक्यात. फी मी तिमाही घेते, आगाऊ. महिना 1000, म्हणजे जूनमध्ये सहा गेले की महिन्याचे 6000 गेले. यावर रडण्यापेक्षा जानेवारीपासून पोस्टात आरडी टाकलेली बरी. प्रवेशाच्या वेळी एका कागदावर दोनच ओळी लिहून द्या: सोडायचं असेल तर महिनाभर आधी सांगावे, शेवटचा तास ठेवावा. पहिली ओळ कुणी पाळत नाही. दुसरी पाळतात. आणि घाबरून रिकाम्या जागा भरू नका. एका जूनमध्ये मी चार वर्षांची तीन पोरं घेतली आणि ऑगस्टपर्यंत माझ्याकडे गाण्याचा क्लास नव्हता, पाळणाघर होतं. नवे लोक गुरुपौर्णिमेच्या आसपास आपोआप विचारायला येतात, तेवढं थांबा.

रिकामी झालेली वेळ निदान दोन आठवडे कुणाला देऊ नका. हे मी ओघात केलं आणि मग कायमचं ठेवलं. त्या भीमपलासवाल्या मुलीच्या मंगळवारी पाचला मी सवयीनं पेटी पुढे घेऊन बसले. कुणीच येणार नव्हतं. म्हणून स्वतःसाठी तानपुरा लावला, माझ्या पट्टीत, पांढरी पाच. वयानं सा तिथे उतरलाय, पण मुलांसाठी मी दिवसभर काळी पाचमध्ये गात असते. खर्जात गेले आणि मंद्र पंचमाच्या खाली नुसती हवा आली. किती वर्षांत मी तिथे गेले नव्हते कुणास ठाऊक. शिकवणाऱ्यांचा गळा असाच जातो, दुसऱ्यांच्या पट्टीत आणि पहिल्या दोन मिनिटांच्या आलापात. तेव्हापासून मंगळवार पाच माझा. आता खाली गंधारापर्यंत पोचले आहे, काही दिवशी रिषभापर्यंत.

गेलेल्यांशी संबंध ठेवायचा का? ठेवायचा, पण ओढायचा नाही. वर्षातून एक मेसेज, गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाचा: तारीख, वेळ, जागा. "नक्की ये हं" नाही. वाढदिवसाला वगैरे मी काही पाठवत नाही. बाकी डोंबिवलीत भेट होतेच. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर अख्खं गाव नवे कपडे घालून उभं असतं, तिथे दोन वर्षांपूर्वी तो फुटबॉलवाला भेटला. उंच, दाढी राखलेला. वाकून नमस्कार केला. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "ताई, मी लिफ्टमध्ये गातो. बाराव्या मजल्यावर राहतो, एक अंतरा बसतो." मी विचारलं, पट्टी कुठली? "काळी एक," म्हणाला. म्हणजे त्याचं त्यानंच शोधलं होतं.

भीमपलासवाली त्या शुक्रवारी आली होती. फोन उशिरा केला तरी केला, तेवढं बरं. भूप गायली, रेकॉर्डिंग केलं, वही घेतली. लहान मुलांना सा सापडावा म्हणून मी पेटीच्या पट्टीवर टिकली लावते. काळी पाचवरची लाल टिकली तिनं पहिल्या वर्षी स्वतः आईच्या टिकल्यांच्या पाकिटातून आणून लावली होती. जाताना तिनं त्या टिकलीवरून बोट फिरवलं, काही बोलली नाही. मी ती टिकली गणपतीपर्यंत काढली नाही. मग पेटी शिकायला एक आजोबा आले, बँकेतून निवृत्त झालेले, त्यांचा सा पांढरी एक. टिकली नखानं निघाली, खालचा गोंद निघेना. खोबरेल तेल लावून पुसला.